खुब्याच्या ऑपरेशननंतरची घरची शुश्रूषा: हाडाबरोबर पोटही सांभाळा

वयस्कर माणूस न्हाणीघरात घसरतो किंवा रात्री अंधारात उठताना पडतो, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं आणि थोड्या दिवसांत हॉस्पिटलमधून सुट्टी मिळते. घरी आणल्यावर सगळ्यांचं लक्ष पायाकडे. टाके कसे आहेत, एक्स-रे कसा आला, चालणार कधी? भेटायला येणारेही तेच विचारतात. मी परिचारिका म्हणून अशा घरी जाते तेव्हा पहिला प्रश्न पोटाचा विचारते: शौचाला शेवटचं कधी झालं आणि कसं झालं? ऑपरेशन उत्तम झालेला पेशंट घरी येऊन खचतो तेव्हा त्याचं कारण पुष्कळदा हाडात नसतं. पोट गच्च होतं, भूक मरते, जेवण तुटतं, अंगातली ताकद जाते, उठणं थांबतं. माणूस पडून राहिला की पाठीला जखम, छातीत कफ, पायात रक्ताची गुठळी, सगळं मागोमाग येतं.

म्हणून हा लेख हाड आणि पोट दोन्ही एकत्र धरून लिहिला आहे. सून असो, मुलगा असो, नर्सिंग ब्यूरोतून आलेल्या मावशी असोत, जो कोणी रोजची सेवा करणार आहे त्याच्यासाठी.

सुट्टी घेण्याआधी काय विचारायचं

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की घाईने निघू नका. सर्जनना किंवा वॉर्डच्या सिस्टरना विचारून उत्तरं त्याच कार्डाच्या मागे लिहून घ्या.

पहिलं, ऑपरेशन नेमकं कोणतं? खुब्याचा गोळा बदलून कृत्रिम बसवला आहे की आत रॉड किंवा स्क्रू घालून हाड जोडलं आहे? घरची बरीचशी पथ्यं यावर ठरतात. गोळा बदलला असेल तर तो निखळू नये म्हणून काही हालचाली बऱ्याचदा दीड ते तीन महिने टाळाव्या लागतात: खुब्यात काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही. रॉड किंवा स्क्रू असेल तर ही बंधनं सहसा एवढी कडक नसतात. शेजारच्या काकांना सांगितलेलं पथ्य आपल्या आजींना लागू असेलच असं नाही.

दुसरं, त्या पायावर वजन किती टाकायचं? पूर्ण, थोडं, की नुसतं टेकवायचं? तिसरं, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या किती दिवस? खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या साधारण महिनाभर चालतात. चौथं, टाके कधी काढायचे? बहुधा १० ते १४ दिवसांनी. आणि पाचवं, जे कोणी विचारत नाही: पोट साफ होण्यासाठी काय लिहून दिलंय, आणि तीन दिवस झालं नाही तर काय करायचं? वेदनाशामक गोळी लिहिली असेल आणि पोटाचं काहीच नसेल, तर तिथेच विचारा. हॉस्पिटलमध्ये शौचाला एकदाही झालं नसेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

खोलीची तयारी

पलंग इतका उंच हवा की काठावर बसल्यावर पाय जमिनीला टेकतील, पण गुडघे खुब्यापेक्षा वर येणार नाहीत. साधारण १८ ते २० इंच पुरतं, माणसाच्या उंचीप्रमाणे थोडं कमीजास्त. जुने पलंग ठेंगणे असतात, त्यांच्या पायांखाली खाचा पाडलेले लाकडी ठोकळे घाला. नुसत्या विटा सरकतात. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहील एवढी जागा ठेवा. गाद्या जमिनीवर घालायच्या नाहीत, आजोबांना कितीही सवय असली तरी.

हात असलेली मजबूत खुर्ची, कमोड खुर्ची, वॉकर, चपट्या कडेचा फ्रॅक्चर बेडपॅन, दोन मॅकिंटॉश (चादरीखाली घालायचे रबरी कापड) आणि आडव्या घालायला जुन्या सुती चादरी एवढं सामान लागतंच. बेडपॅन नेहमीचा गोल घेऊ नका. त्यावर चढायला कंबर बरीच उचलावी लागते आणि खुबा दुखतो. पायपुसणी, गालिचे, वायरी उचलून टाका. न्हाणीघरापर्यंत रात्रभर दिवा असू द्या. चष्मा आणि कानाचं मशीन हाताशी ठेवा. ती नसली की वयस्कर माणूस संध्याकाळी गोंधळतो, आपण कुठे आहोत तेही त्याला कळेनासं होतं.

भिंतीवर एक वही टांगा. त्यात रोज पाच गोष्टी: पाणी किती प्यायलं, काय खाल्लं, लघवी किती वेळा, शौच झालं का आणि कसं, कोणती गोळी कधी दिली. दिवसाच्या मावशी जातात, रात्रीच्या येतात, आणि "झालं असेल सकाळी" असं म्हणत चार दिवस निघून जातात. वहीत "शौच" एवढंच लिहू नका. लेंड्यांसारखं कडक, मऊ, पातळ, रंग कोणता, हेही लिहा.

कूस बदलणं आणि कातडी

माणूस स्वतःहून हलत नसेल तोवर निदान दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर काटकोनात वळवू नका, तसं केलं की सगळा भार खुब्याच्या बाजूच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन तिरकं, साधारण ३० अंशांत ठेवा. दोन्ही गुडघ्यांमध्ये मांडीपासून पावलापर्यंत जाईल अशी जाड उशी हवी. सांधा बदललेला असेल तर वळवताना ती उशी निघता कामा नये, आणि ऑपरेशनच्या बाजूवर झोपवायचं की नाही हे सर्जन सांगतील तसं.

वळवताना ओढू नका. पेशंटच्या खाली खांद्यापासून मांडीपर्यंत दुमडलेली आडवी चादर कायम घातलेली ठेवा, तिलाच ड्रॉशीट म्हणतात. दोघांनी दोन बाजूंनी चादरीच्या कडा गुंडाळून अंगालगत धरायच्या, "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि एकदम सरकवायचं. आपले गुडघे वाकवा, कंबर नको. पेशंटला गळ्यात हात घालू देऊ नका. त्याचा भार तुमच्या मानेवर येतो, आणि सेवा करणारीच कंबर धरून बसली तर घर अडतं.

पाठ पुसताना रोज माकडहाड, टाचा, खुब्याच्या बाजू, कोपर आणि खांद्याची पाती डोळ्यांनी बघा. लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून सोडा. बोटाखाली पांढरं होऊन परत लाल झालं तर भार कमी केला की ते जातं. दाबूनही पांढरं होत नसेल तर जखमेची सुरुवात झाली आहे असं धरा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून बघा: आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा पिलपिलीत लागतंय का, रंग काळपट-जांभळट झालाय का. अशा जागेला तेल लावून चोळू नका. हे कळकळीने सांगते, कारण चोळणं आपल्याकडे मायेचं समजतात आणि त्याने खालचं मांस आणखी चिरडतं. भोकाची रबरी चकतीही नको, तिच्या कडांवर दाब येतो. टाचा उचलून धरायला पोटऱ्यांखाली लांबट उशी द्या, म्हणजे टाच हवेत राहते. हवेची गादी चांगली, पण ती घेतली म्हणून कूस बदलणं सुटत नाही.

पलंगाचं डोकं जेवताना आणि नंतर अर्धा तास उंच हवं, ते उतरवायचं विसरू नका. तासन्‌तास उंच ठेवलं की माणूस खाली घसरत राहतो आणि माकडहाडाची कातडी घासून सोलते.

पोट साफ होणं

आता मुख्य मुद्दा. हाड मोडलेल्या माणसाचं पोट बांधलं जाण्याला एकाच वेळी बरीच कारणं जमतात. तो हालत नाही, म्हणून आतडंही मंदावतं. पाणी कमी पितो, कारण लघवीला उठवायला कोणाला सांगायचं याची लाज वाटते. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी आतड्याची हालचाल मंद करते. रक्त वाढवायची लोहाची गोळी आणि कॅल्शियमही मळ घट्ट करतात. आणि सगळ्यांत मोठं, त्याला आडवं पडून, सुनेसमोर, भांड्यात बसवायचं असतं. ज्या माणसाने जन्मभर दार लावून, उकिडवं बसून हा विधी केला त्याचं शरीर अशा वेळी आपोआप आवरून धरतं.

म्हणून पहिला उपाय औषध नाही, वेळ आणि आडोसा. सकाळी उठल्यावर कोमट पाणी किंवा चहा, मग नाश्ता. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपसूक हलतं. नाश्त्यानंतर २० ते ३० मिनिटांनी, इच्छा असो नसो, रोज त्याच वेळेला कमोडवर बसवा. डॉक्टरांनी उभं करायला परवानगी दिली असेल तर बेडपॅनपेक्षा कमोड खुर्ची केव्हाही बरी. बसल्यावर जोर नीट लागतो, शिवाय भांड्यावर चढण्याउतरण्यात जीव जास्त थकतो. पडदा ओढा, रेडिओ लावा, बाहेर थांबा. दार लोटून घ्या, कडी आतून लावू देऊ नका. कुंथताना चक्कर येऊन पडण्याचा धोका खरा आहे, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका.

बद्धकोष्ठतेवर मोबाइलवर हमखास येणारा सल्ला म्हणजे पायाखाली स्टूल घ्या, गुडघे वर येऊ द्या, पुढे झुका. धडधाकट माणसाला तो उपयोगी आहे. पण खुब्याचा गोळा बदललेल्या माणसाने नेमकं हेच करायचं नाही, कारण खुबा काटकोनापलीकडे दुमडतो आणि सांधा निखळू शकतो. त्याच्यासाठी कमोडची बैठक उंच हवी, पावलं जमिनीवर सपाट, ऑपरेशनचा पाय जरा पुढे, पाठ सरळ, हात दोन्ही दांड्यांवर. श्वास रोखून कुंथण्याऐवजी तोंडाने हळूहळू श्वास सोडत पोट फुगवायला सांगा. भारतीय पद्धतीचं शौचकूप या काळात पूर्ण बंद.

पेशंट उठू शकत नसेल तर बेडपॅन असा द्या. थंडीत स्टीलचं भांडं कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्या, कडेला थोडी पावडर लावा म्हणजे कातडीला चिकटत नाही. डोक्याची बाजू आधी सपाट करा. पेशंटला चांगला पाय गुडघ्यात वाकवून टाच गादीत रोवायला सांगा. तो कंबर उचलेल तेव्हा तुमचा एक हात कमरेखाली, दुसऱ्या हाताने भांड्याची चपटी कड पाठीच्या बाजूला सरकवा. दांडी पायांकडे. कंबर उचलवत नसेल तर चांगल्या कुशीवर वळवा, भांडं बैठकीला टेकवून धरा आणि भांड्यासकट परत पाठीवर आणा. मग डोक्याची बाजू पेशंटला सोसेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तितकी उंच करा, आडवं पडून कोणालाच जोर लागत नाही. घंटी हाताशी द्या आणि खोलीबाहेर व्हा. काढताना पुन्हा सपाट करून, भांडं एका हाताने धरून वळवा, नाहीतर सांडतं. बाईमाणसाला पुढून मागे पुसा म्हणजे लघवीच्या जागी जंतू जात नाहीत. कातडी थोपटून कोरडी करा. पातळ होत असेल तर झिंक ऑक्साइडचं मलम पातळसर लावा. डायपर असेल तर दर दोन तासांनी बघा, ओला असेल तर लगेच बदला.

पोटाला हलका मसाज चालतो. उजव्या बाजूला खाली सुरुवात, तिथून वर बरगडीपर्यंत, मग आडवं डावीकडे, मग डावीकडे खाली. मोठं आतडं याच वाटेने जातं. जेवणानंतर लगेच नको. पोट फुगून टणक झालं असेल किंवा हात लावल्यावर दुखत असेल तर हात लावू नका, डॉक्टरांना फोन करा.

औषधांबद्दल. ट्रामाडॉलसारखी गोळी चालू असेपर्यंत पोट साफ होण्याचं औषध रोज चालू ठेवायचं असतं. त्रास झाल्यावर एकदम घ्यायचं ते हे औषध नव्हे. लॅक्ट्युलोजचं गोड सरबत परिणाम दाखवायला एक ते तीन दिवस घेतं आणि सुरुवातीला गॅस करतं, म्हणून पहिल्याच दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका. सोनामुखीची गोळी रात्री दिली तर साधारण सकाळी काम करते. गुदद्वारातून देण्याच्या ग्लिसरिनच्या कांडीला पाव ते अर्धा तास लागतो, तेव्हा कमोडची तयारी आधी करून मगच ती घाला.

इसबगोल घराघरात असतं आणि ते चांगलंही आहे, पण पडून असलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला नको. ते पाणी शोषून फुगतं. पाणीच नसेल तर आत लगदा होऊन अडकून बसतं. द्रव पॅराफिन असलेली सरबतं आडव्या माणसाला देऊ नका. ठसका लागून तेलकट द्रव फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. बाटलीमागचे घटक वाचा. एरंडेलाने पोटात मुरडा येतो आणि जुलाबाने अंगातलं पाणी जातं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आता हे नीट वाचा. पाच-सहा दिवस शौचाला झालेलं नाही आणि अचानक पातळ व्हायला लागलं, थोडं थोडं, कळायच्या आत, डायपर सतत माखलेला. घरचे म्हणतात जुलाब लागले, आणि जुलाब थांबवायची गोळी देतात. खरं तर आत कडक मळाचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपत असतं. मी अशा एका आजोबांकडे रात्री गेले होते. लघवीही तुंबली होती, चादर ओढत होते, मुलाला ओळखत नव्हते. घरच्यांना वाटलं डोक्यात काही झालं. डॉक्टरांनी तपासून एनिमा द्यायला सांगितला, पोट मोकळं झालं, लघवी सुटली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनी स्वतः वर्तमानपत्र मागितलं. तेव्हा आधी वही उघडून बघा. मागचे चार-पाच दिवस कोरडे असतील तर पातळ शौचालाही बद्धकोष्ठच समजून डॉक्टरांना बोलवा. बोट घालून मळ काढायचा प्रयत्न घरी कोणी करू नये. आतली त्वचा फाटते, आणि नाडी मंदावून पेशंट बेशुद्धही पडू शकतो.

तीन दिवस झालं नाही तर डॉक्टरांना फोन, हा नियम घरात सगळ्यांना पाठ असू द्या.

गोळ्या: हाडासाठी दिलेल्या आणि पोटाला लागणाऱ्या

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या सूज आणि दुखणं छान उतरवतात, पण वयस्कर माणसाच्या जठरात व्रण करतात आणि किडनीवर ताण आणतात. त्याच वेळी रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर तो व्रण जोरात वाहू शकतो. म्हणून मागच्या वेळची कंबरदुखीची गोळी डब्यातून काढून देऊ नका, मेडिकलवाल्याकडून "जरा स्ट्राँग" मागू नका. शौच डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं झालं तर आत रक्त जातंय असं समजून लगेच दवाखाना गाठा. लोहाच्या गोळीनेही काळपट-हिरवं होतं, पण ते डांबरासारखं चिकट नसतं आणि तसा वास येत नाही. फरक कळला नाही तर दाखवूनच घ्या.

पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, पण त्याचीही मर्यादा आहे. ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी चालू असताना तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल दिली की मात्रा दुप्पट होते. दिवसाला एकूण किती चालेल हे वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दुखणं दाबून उगाच सहन करायला लावू नका, हेही तितकंच खरं. दुखत असेल तर माणूस खोल श्वास घेत नाही, उठत नाही. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी द्या.

कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर द्या, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. ६०,००० युनिटची डी जीवनसत्त्वाची पुडी किंवा कॅप्सूल साधारणपणे आठवड्यातून एकदा असते. ती चुकून रोज दिली गेली तर काही आठवड्यांत रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मळमळ, सतत तहान, गच्च बद्धकोष्ठ आणि भ्रम होतो. पाकिटावर वार लिहून ठेवा: "फक्त रविवार".

पोटात टोचायचं रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन बेंबीपासून दोन इंच सोडून, रोज बाजू बदलून. नंतर ती जागा चोळू नका, काळंनिळं होतं.

जेवण

ऑपरेशन झालंय म्हणून "पचायला हलकं" म्हणत महिनाभर मऊ भात, पेज, चहा-बिस्किट चालतं. त्यात ना प्रथिनं, ना चोथा. मोडलेलं हाड, टाक्यांची जखम आणि विरघळत चाललेला स्नायू तिघांनाही प्रथिनं लागतात. किडनी ठीक असेल तर आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या आजींना दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, कपभर दुधात तेवढेच, वाटीभर घट्ट वरणात ६-७, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास. हिशोब मांडून बघा, चहा-बिस्किटावर तो कधीच जुळत नाही.

एकदम भरपूर जेववणार नाही, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. सकाळी भिजवलेल्या मनुका किंवा दोन अंजीर. नाश्त्याला मुगाचं धिरडं आणि दही, किंवा अंडं. दुपारी ज्वारीची भाकरी घट्ट वरणात कुसकरून, पालकाची किंवा चाकवताची पातळ भाजी, ताक. चार वाजता पपई. संध्याकाळी दुधातलं नाचणीचं सत्त्व. रात्री मुगाची खिचडी, तूप, दुधीची भाजी. मासे-चिकन खाणाऱ्यांनी खुशाल खावं, काटे-हाडं काढून. डिंकाचा लाडू उष्मांकासाठी चांगला, पाया सूपही आवडत असेल तर द्या, पण हाड त्यानेच जुळेल या भरवशावर राहू नका. सूपमध्ये कॅल्शियम फारसं उतरत नाही. चोथा हळूहळू वाढवा, एकदम वाढवलात तर पोट फुगेल.

उपवासाचं बोलायला हवं. आजी चतुर्थी-एकादशी सोडत नाहीत, आणि साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढतात. साबुदाण्यात प्रथिनं आणि चोथा नसल्यासारखेच. उपवास मोडा असं मी म्हणत नाही, पण राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, दूध, फळं असा करा.

हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं नसेल तर दिवसाला निदान दीड लिटर, ताक-वरणाचं पाणी धरून. सकाळी दोन बाटल्या भरून ठेवा आणि जास्तीत जास्त पाणी संध्याकाळी सहाच्या आत संपवा, म्हणजे रात्री उठावं लागत नाही.

खाताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, घास छोटा. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल किंवा खाल्ल्यावर आवाज ओलसर घोगरा होत असेल तर डॉक्टरांना सांगा. झोपलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी सोडू नका.

उठवणं आणि चालवणं

हॉस्पिटलमध्ये बहुतेक पेशंटना दुसऱ्याच दिवशी उभं करतात. घरी आल्यावर "आता आराम करा" म्हणून परत आडवं केलं तर ती मेहनत वाया जाते. फुप्फुस, आतडं, मूत्राशय, कातडी, सगळ्यांना उभं राहण्याची गरज असते.

जागेवर असताना दर तासाला दोन्ही पावलं दहा-दहा वेळा वर-खाली, आणि खोल श्वास. तीन चेंडूंचं फुंकायचं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. बरेच जण उलट करतात.

उठताना आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसवा. चक्कर, घाम, अंधारी नाही ना, विचारा. ऑपरेशनचा पाय पुढे सरकवायचा, हातांनी पलंग किंवा खुर्चीच्या दांड्या रेटून उठायचं. वॉकर धरून ओढत उठायचं नाही, तो उलटतो. वॉकरची उंची अशी की हात सरळ सोडल्यावर वॉकरची धरायची मूठ मनगटापाशी येईल. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय पहिला, उतरताना दुखरा पहिला. तुम्ही ऑपरेशनच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहा आणि कमरेचा पट्टा धरा. दंड धरून ओढू नका.

सुरुवातीला रोज चार-पाच छोट्या फेऱ्या, पलंग ते खिडकी. दुपारचं जेवण तरी खुर्चीत बसून व्हावं.

कधी थांबायचं नाही

पुढचं काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांना गाठा किंवा १०८ ला फोन करा. अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त. एका पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा. ऑपरेशनचा पाय अचानक आखूड दिसणं, आत किंवा बाहेर वळलेला दिसणं आणि भार न घेववणं. टाक्यांतून पू, वाढती लाली, ताप. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होतात, तर तोंडाने काहीही देऊ नका, जुलाबाचं औषध तर मुळीच नाही. काळं शौच किंवा रक्ताची उलटी. सहा ते आठ तास लघवी न होणं, विशेषतः लघवीची नळी काढल्यानंतर. आणि एकाएकी गोंधळणं, बडबडणं किंवा न उठवता येण्याइतकी झोप.

दीड महिन्यानंतर

तपासणीला जाताना वही सोबत न्या. एक्स-रे बघून झाल्यावर डॉक्टरांना हाडांच्या ठिसूळपणाच्या उपचाराबद्दल आवर्जून विचारा. नुसतं उभ्याउभ्या पडून खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ आहेत, आणि दुसऱ्या बाजूचा खुबाही त्याच धोक्यात आहे. ऑपरेशन होतं, कॅल्शियम चालू राहतं आणि नेमका हा उपचार राहून जातो.

आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी दिली तर ती द्यायची रीत काटेकोर आहे. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पूर्ण ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. चहा, दूध, दुसरी कुठलीही गोळी नाही. गोळी चघळायची नाही. नंतर निदान अर्धा तास सरळ बसायचं किंवा उभं राहायचं, आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम करते. ज्यांना अर्धा तास ताठ बसवत नाही किंवा गिळायला त्रास आहे त्यांना ही गोळी देऊ नका, तसं डॉक्टरांना सांगा. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून देण्याच्या इंजेक्शनासारखे दुसरे पर्याय आहेत. ते देण्याआधी किडनीची तपासणी आणि रक्तातलं कॅल्शियम बघतात.